चार अक्षरी आयर्लंड

एककॉलमी मथळ्यात किती जागा असते, हे ज्याने कधी मथळा बसवलेला नाही त्याला सांगून पटत नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात अक्षर ताणता यायचं नाही की आवळता यायचं नाही. मावलं तर मावलं, नाहीतर दुसरा शब्द शोधा. म्हणून इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवरच्या माणसाला आखूड नावांचे देश मनापासून आवडतात. पेरू, चाड, क्यूबा, इराण हे आमचे लाडके. चेकोस्लोव्हाकियात काही घडलं की कपाळाला आठ्या पडत. आयर्लंडचं इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरी. पण त्याच देशाला चार अक्षरांचंही एक नाव आहे, ई-आय-आर-ई, आणि त्यातली 'आय' तर इतरांच्या निम्म्याच रुंदीची. मथळा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? इंग्रजी शब्दकोडी रचणाऱ्यांनाही हे नाव फार आवडतं; चार अक्षरांत तीन स्वर रोज कुठे मिळतात.

माझी उमेदीची वर्षं मुंबईत एका इंग्रजी दैनिकाच्या परदेशी बातम्यांच्या पानावर गेली. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते, डब्लिनहून तार आली की ते हटकून तेच चार अक्षरी नाव लिहीत. जागा वाचते हे एक कारण झालंच, पण त्यांचा भर दुसऱ्या कारणावर असे. ते म्हणत, "आयर्लंड हे साहेबाने पाडलेलं नाव. त्यांच्या भाषेतलं त्यांचं नाव हे आहे. आपणही गुलामीतून सुटलेले, आपण तरी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारावी." हे ऐकून कोणीही गप्प बसावं. आजकाल तर ही रीतच झाली आहे. कोत दिव्वारने 1985 मध्ये जगाला बजावलं की आमच्या नावाचं भाषांतर करू नका, 'आयव्हरी कोस्ट' म्हणू नका. स्वाझीलंडच्या राजाने 2018 मध्ये देशाचं नाव एस्वातिनी केलं. टर्कीने 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडून 'तुर्किये' मान्य करून घेतलं. या सगळ्यांचं म्हणणं एकच, की इंग्रजीतसुद्धा आम्हाला आमच्या नावाने ओळखा.

आयर्लंडची मात्र नेमकी उलटी तक्रार होती. इंग्रजीत बोलताना आम्हाला आमच्या इंग्रजी नावाने हाक मारा, असं ते साठ वर्षं सांगत राहिले आणि आयरिश नावाचा हट्ट धरून बसलं होतं ते लंडनचं सरकार. देशाचं नाव इंग्रजीत बरोबर कसं लिहावं यावर मी बरीच भांडणं वाचली आहेत. इतकं उफराटं दुसरं पाहिलेलं नाही.

आधी उच्चाराचं बघू. आयरिश भाषेत त्या नावाच्या पहिल्या ई-वर तिरपी रेघ असते आणि उच्चार साधारण 'एरा' असा होतो. ही भाषा आपल्यासारखीच विभक्तीवाली. पुणे म्हटलं तरी 'पुण्याचा' म्हणताना शब्दाचं रूप पालटतं, तसं एराचं षष्ठीत 'एरन' होतं. तिथल्या सरकारी बसगाड्यांवर 'बस एरन' लिहिलेलं असतं, म्हणजे एराची बस. जुन्या इंग्रजी कवितांत आणि गाण्यांत येणारं 'एरिन' हेही याच नावाचं दुसऱ्या विभक्तीतलं रूप. आणि ती रेघ काढून टाकली तर आयरिशमध्ये त्या चार अक्षरांचा अर्थ होतो ओझं. लंडनचे कारकून ती रेघ सहसा काढूनच टाकत.

नावाचं त्रांगडं सुरू झालं ते लंडनच्या या हट्टाच्याही आधी. 24 एप्रिल 1916 रोजी, ईस्टरच्या सोमवारी, बंडखोरांचा नेता पॅट्रिक पियर्स याने डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. (त्याच आठवड्याच्या अखेरीस इकडे बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती. 'होमरूल' हा शब्दही आयर्लंडच्या राजकारणातूनच आपल्याकडे आला आणि मराठीत इतका रुळला की त्याचं मूळ कोणी विचारेनासं झालं.) पियर्सच्या जाहीरनाम्याच्या माथ्यावर 'प्रजासत्ताक' या अर्थी आयरिश शब्द होता 'पोब्लख्त'. तीन वर्षांनी बंडखोरांनी आपली स्वतंत्र लोकसभा भरवली. तिच्या कागदांवर त्याच अर्थी दुसरा शब्द आला, 'सेरस्टात', शब्दशः मुक्त राज्य. आयरिश लोकांच्या लेखी दोन्हींचा मतलब एकच. एक उसना, एक घरचा.

जुलै 1921 मध्ये बंडखोरांचे नेते डी व्हॅलेरा वाटाघाटींसाठी लंडनला ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जकडे गेले. त्यांच्या कागदावर 'सेरस्टात एरन' असं छापलेलं होतं. लॉइड जॉर्जने विचारलं, याचा शब्दशः अर्थ काय? उत्तर मिळालं, मुक्त राज्य. मग प्रजासत्ताकाला तुमच्या भाषेत शब्द काय? समोरची माणसं विचारात पडली, तेवढ्यात लॉइड जॉर्ज आपल्या सचिवाशी वेल्श भाषेत बोलू लागला. तो वेल्श घरातला, सचिव टॉम जोन्सही वेल्श. आमच्याही भाषेत प्रजासत्ताकाला शब्द नाही, असं दोघांनी आपसांत ठरवून टाकलं, अशी हकीकत सांगतात. साहेबाने साहेबाची भाषा सोडून दिलेला हा शह मला फार आवडतो. 6 डिसेंबर 1921 च्या पहाटे तह झाला. त्यात नव्या राज्याचं नाव 'आयरिश फ्री स्टेट' असं पडलं. आयरिशमध्ये तुम्ही त्याला तुमचं सेरस्टात म्हणा, इंग्रजीत मात्र प्रजासत्ताक हा शब्द कुठे दिसता कामा नये. राजाच्या निष्ठेची शपथ, फाळणी, आणि त्यावरून भावाभावांत पेटलेलं यादवी युद्ध, हे पुढचं सगळं माहीतच आहे.

बेटाचे जिल्हे बत्तीस. फ्री स्टेटच्या वाट्याला आले सव्वीस. उत्तरेकडच्या सहांनी ब्रिटनबरोबर राहायचं ठरवलं. ते नॉर्दर्न आयर्लंड. पण नव्या राज्याने 6 डिसेंबर 1922 रोजी आपलं पहिलं टपाल तिकीट काढलं, दोन पेन्सचं, त्यावरचा नकाशा अख्ख्या बेटाचा आहे. मधे रेघ नाही. नाव छापलंय 'एरा', जुन्या आयरिश वळणाच्या अक्षरांत. पुढच्या सगळ्या भांडणाचं बीज या बोटभर कागदात आहे. नाव एक आणि जमीन दोन वाट्यांत. मग ते नाव वापरायचा हक्क कोणाचा?

1932 मध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि त्यांनी तहाचे एकेक खिळे उपटायला सुरुवात केली. 1937 मध्ये नवी राज्यघटना आली. तिच्या पहिल्या मसुद्यात राज्याचं नाव नुसतं 'एरा' असं होतं, इंग्रजी प्रतीतसुद्धा. सभागृहात फ्रँक मॅकडरमॉट या सदस्याने यावर हरकत घेतली. इंग्रजीत लिहिताय तर सरळ 'आयर्लंड' लिहा, असा त्यांचा आग्रह. डी व्हॅलेरांनी तो मानला आणि चौथं कलम सुधारलं गेलं: राज्याचं नाव एरा, किंवा इंग्रजी भाषेत, आयर्लंड. आपलं इंग्रजी नाव कोणतं हे स्वतःच्या घटनेत लिहून ठेवणारे देश मोजकेच, आणि त्यांत हा सगळ्यांत स्पष्ट. 1 जुलैला लोकांनी मतदानाने ती घटना मंजूर केली, 29 डिसेंबरला ती अमलात आली.

लंडनला पोटशूळ उठला. कारण त्याच घटनेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमात अख्खं बेट हीच राष्ट्राची भूमी असं म्हटलेलं होतं. अशा राज्याला 'आयर्लंड' म्हणणं म्हणजे बेलफास्टवरचा त्याचा दावा कबूल करणं. आणि फ्री स्टेट म्हणत राहायचं, तर ते राज्य उरलेलंच नव्हतं. तेव्हा त्यांनी घटनेतलं अर्धं वाक्य उचललं आणि अर्धं सोडलं. 1938 साली पार्लमेंटने कायदाच केला की ब्रिटिश कायद्यांत त्या मुलखाला 'एरा' म्हणायचं. म्हणजे इंग्रजी भाषेतल्या इंग्रजी कायद्यात, इंग्रजांनी, आयरिश नाव. वरवर पाहता केवढा भाषाभिमान! ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ते आनंदाने उचललं, मथळ्यातली जागा हे कारण तिथेही असणारच. लोकांच्या तोंडी त्याचा उच्चार 'एअर' होऊन बसला. इंग्रजी वाक्यात तो शब्द परका, काहीसा विक्षिप्त वाटायचा, आणि हे सव्वीस जिल्हे म्हणजे खरं आयर्लंड नव्हेच, काहीतरी वेगळंच प्रकरण आहे, असं वाचणाऱ्याच्या मनात आपोआप भरत जायचं. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना ज्या नावात स्वाभिमान दिसत होता, ते इंग्रजीत असं रुळलं.

आयरिश लोकांनी स्वतः काही घोळ घातला नाही असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात हा देश तटस्थ राहिला. समुद्रावरून वाट चुकून येणाऱ्या विमानांना खाली कोणता देश आहे हे कळावं म्हणून किनाऱ्यावरच्या टेहळणी चौक्यांपाशी, कड्यांच्या माथ्यावर, दगडांची प्रचंड अक्षरं मांडली गेली. आसपासचे दगड गोळा करायचे, जमिनीत रोवायचे, वरून चुना फासायचा. अशी ऐंशीहून जास्त ठिकाणं होती. पुढे प्रत्येक चौकीचा क्रमांकही शेजारी मांडला गेला, त्यामुळे अमेरिकन वैमानिकांना तो फुकटचा नकाशाच मिळाला. आता, ही खूण कोणासाठी? इंग्रजी वाचणाऱ्या वैमानिकांसाठी. आणि लिहिलं काय? 'आयर्लंड' नाही, 'एरा'. दगड वाहणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर, सातांपेक्षा चार अक्षरं मांडायला कष्ट कमी. आम्हा मथळेवाल्यांची अडचण त्यांनाही कळली असती. डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे नावाच्या गावाजवळच्या डोंगरावर 2018 च्या उन्हाळ्यात वणवा लागला, तेव्हा झुडपं जळून गेली आणि खालून ही विसरलेली अक्षरं पुन्हा वर आली.

अगदी उत्तरेला मॅलिन हेड नावाचं टोक आहे, बेटाचं सगळ्यांत उत्तरेकडचं टोक. तिथेही ती दगडी अक्षरं आहेत. हे टोक डनिगॉल जिल्ह्यात येतं, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये नाही. कित्येक इंग्रज आजही या देशाला सवयीने 'सदर्न आयर्लंड' म्हणतात. 1920 च्या कायद्यातलं ते नाव, प्रत्यक्षात कधी धड अमलातच आलं नाही. तर या 'दक्षिण' आयर्लंडचं टोक 'उत्तर' आयर्लंडच्या उत्तरेला आहे. नवीन उपसंपादक आला की मी त्याला ॲटलास उघडून हे दाखवत असे. त्यानंतर तो 'सदर्न' लिहायचा नाही.

1948 च्या सप्टेंबरात जॉन कॉस्टेलो या नव्या पंतप्रधानाने कॅनडात ओटावाला जाहीर केलं की आम्ही राजाशी उरलासुरला संबंध तोडून पूर्ण प्रजासत्ताक होणार. डिसेंबरात कायदा झाला, आणि तो लागू करण्याचा दिवस निवडला 18 एप्रिल 1949, पुन्हा ईस्टरचा सोमवार. इथे कायद्याच्या शब्दांतली गंमत पाहण्यासारखी आहे. घटनेतलं नाव बदलायचं तर सार्वमत घ्यावं लागलं असतं. म्हणून कायद्यात असं म्हटलं की 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' हे राज्याचं 'वर्णन' आहे. नाव नव्हे, वर्णन. नाव एरा आणि आयर्लंड, तेच राहिलं. आपल्याकडे एखाद्याला 'सावंतवाडीचे डॉक्टर' म्हणावं, म्हणून काही त्याचं आडनाव डॉक्टर होत नाही.

पण लंडनला हे वर्णन म्हणजे आयतंच सापडलं. एराचा कंटाळा त्यांनाही आलाच असावा. 1949 च्या जूनमध्ये त्यांनी नवा कायदा करून त्या मुलखाचं नावच 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' करून टाकलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ब्रिटिश सरकारी कागदांत 'आयर्लंड' हा शब्द त्या राज्यासाठी एकटा येईना. त्याचे परिणाम बारीकसारीक आणि हास्यास्पद होते. राजदूताच्या अधिकारपत्रावर 'आयर्लंडच्या अध्यक्षांस' लिहायचं की 'रिपब्लिक ऑफ आयर्लंडच्या', या एका वादापायी ऑस्ट्रेलियाशी राजदूतांची देवघेव कित्येक वर्षं अडली, कारण ऑस्ट्रेलियाची पत्रं इंग्लंडच्या राजसिंहासनाच्या नावे निघत. 1955 च्या डिसेंबरात देश संयुक्त राष्ट्रांत आला तो 'आयर्लंड' म्हणून. तिथे ब्रिटनचा इलाज चालला नाही.

सगळ्यांत बहारीचा दाखला 1985 चा. त्या नोव्हेंबरात हिल्सबरोच्या गढीत मार्गारेट थॅचर आणि गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी अँग्लो-आयरिश करारावर सह्या केल्या. करार एक, पण त्याच्या प्रती दोन प्रकारच्या. डब्लिनच्या प्रतीवर लिहिलं होतं, आयर्लंड सरकार आणि युनायटेड किंग्डम सरकार यांच्यातला करार. लंडनच्या प्रतीवर, युनायटेड किंग्डम सरकार आणि रिपब्लिक ऑफ आयर्लंड सरकार यांच्यातला करार. आतला मजकूर सारखा, शीर्षकं वेगळी. दोन पंतप्रधान समोरासमोर बसलेत आणि समोरच्या देशाचं नाव काय, यावर त्यांचं एकमत नाही! घराच्या वाटपाच्या खटल्यात असले कागद मी पाहिलेत; राष्ट्रांमध्ये हे एकच.

1989 मध्ये आयरिश सुप्रीम कोर्टाचेही डोळे लाल झाले. एका गुन्हेगाराच्या हस्तांतरणाच्या प्रकरणात न्यायमूर्ती वॉल्श यांनी ठणकावलं की परदेशी न्यायालयांना आमची मदत हवी असेल तर त्यांनी कागदावर राज्याचं घटनेतलं नाव लिहावं, नसेल तर ते वॉरंट परत पाठवावं. रोख ब्रिटिश कागदांकडेच होता.

मिटलं ते 1998 मध्ये. 10 एप्रिलला नॉर्दर्न आयर्लंडमधल्या शांततेचा, गुड फ्रायडेचा करार झाला. आयर्लंडने सार्वमत घेऊन दुसरं आणि तिसरं कलम बदललं, अख्ख्या बेटावरचा दावा सोडला, आणि एकीकरण दोन्हीकडच्या लोकांच्या संमतीनेच होईल असं घटनेत लिहिलं. त्या बदल्यात ब्रिटनने करारावर 'गव्हर्नमेंट ऑफ आयर्लंड' असं लिहिलं. साठ वर्षांनी. दावा गेला तेव्हा नाव मिळालं, असा हा सौदा होता, आणि तो मला रास्त वाटतो.

खेळात अजून गोंधळ आहे. फुटबॉलमध्ये 1950 च्या सुमारापर्यंत बेलफास्ट आणि डब्लिन या दोन्ही ठिकाणच्या संघटना आपापल्या संघाला 'आयर्लंड' म्हणायच्या आणि कधीकधी एकाच खेळाडूला दोघांकडून बोलावणं जायचं. शेवटी फिफाने मध्ये पडून एकाला नॉर्दर्न आयर्लंड आणि दुसऱ्याला रिपब्लिक ऑफ आयर्लंड केलं. रग्बी आणि क्रिकेटमध्ये मात्र संघ अख्ख्या बेटाचा, नाव नुसतं आयर्लंड. 2 मार्च 2011 ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर केव्हिन ओब्रायनने 50 चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडला लोळवलं, ते आयर्लंड हे. त्या रात्री पानावर बसलेल्या माणसाला 'रिपब्लिक' लिहायचा मोह झाला असता तर ती चूक ठरली असती. खेळाची बातमी आणि राजकारणाची बातमी यांत एकाच शब्दाचे दोन नकाशे असतात, हे नव्या मुलांना शिकवायला वेळ लागतो.

आता आपल्याकडे येऊ. 1937 च्या त्या कलमाची छाया थेट दिल्लीत पडली. आपल्या घटनेवर आयर्लंडचं ऋण आहे हे सगळे जाणतात. मार्गदर्शक तत्त्वं तिथूनच आली, आणि घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव 1947 च्या अखेरीस डब्लिनला जाऊन डी व्हॅलेरांना भेटून आले होते. 18 सप्टेंबर 1949 रोजी पहिल्या कलमावर चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी मांडलेलं रूप होतं 'इंडिया, अर्थात भारत'. हरी विष्णू कामत उठले. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेला हा माणूस, मूळचा मंगळूरचा, समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडाचा प्रतिनिधी. त्यांनी आयरिश घटनेतलं चौथं कलम सभागृहाला वाचून दाखवलं आणि त्याच साच्याची दुरुस्ती मांडली: भारत, किंवा इंग्रजी भाषेत, इंडिया. 'भारत'च्या जागी 'हिंद' असा दुसरा पर्यायही त्यांनी दिला होता. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी सांगितलं, दोन्हींतलं एक निवडा. कामतांनी भारत निवडलं. मग त्यांनी नावाचा पुराणकाळापासूनचा इतिहास उलगडायला घेतला तेव्हा आंबेडकरांनी मध्येच विचारलं, हे सगळं उगाळायची गरज आहे का? सेठ गोविंददास, कमलापती त्रिपाठी हेही भारत या नावाच्या बाजूने जोरात बोलले. मतं मोजली. बाजूने 38, विरुद्ध 51. दुरुस्ती पडली.

तेरा मतांचा फरक. कामतांची दुरुस्ती पास झाली असती तर इंग्रजी लिहिताना नाव काय घालायचं याचा निकाल घटनेनेच देऊन ठेवला असता: इंग्रजीत इंडिया. आत्ता आहे ते वाक्य दोन्ही नावं शेजारी ठेवतं आणि कोणतं कुठे वापरायचं हे सांगत नाही. म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 च्या मेजवानीच्या इंग्रजी निमंत्रणावर 'प्रेसिडेंट ऑफ भारत' छापलं गेलं तेव्हा देशभर वाद झाला, आणि दोन्ही बाजूंनी तेच पहिलं कलम पुढे केलं. घटनेच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. कामतांचं वाक्य असतं तर ती चूक झाली असती. गंमत अशी की सभागृहात 'भारत' नावाची बाजू मांडणाऱ्यांत कामत स्वतः होते.

आणखी एक जवळचा धागा. 2019 च्या डिसेंबरात मालवण तालुक्यातल्या वराड गावी लिओ वराडकर येऊन गेले, आयर्लंडचे त्या वेळचे पंतप्रधान. त्यांचे वडील मूळचे या गावचे. आमच्या व्यवसायातल्या मंडळींना प्रश्न पडला की त्यांच्या पदाला काय म्हणावं. कारण आयरिश लोक इंग्रजीत बोलतानाही पंतप्रधानाला 'टीशख' म्हणतात, लोकसभेला 'डॉल' म्हणतात. पदांची, संस्थांची नावं आयरिश आणि देशाचं नाव इंग्रजी, हे कसं? त्यांना विचाराल तर उत्तर सोपं आहे. टीशख हे पद त्यांनी स्वतः इंग्रजीत तसं ठेवलं. एरा हे नाव इंग्रजीत दुसऱ्याने त्यांना चिकटवलं. शब्द कोणत्या भाषेतला आहे यापेक्षा तो कोणी निवडला, हे त्यांना महत्त्वाचं वाटतं, आणि माझ्या मते तेच मोजमाप बरोबर आहे. तुर्किये म्हणायचं ते त्यांनी मागितलं म्हणून. आयर्लंड म्हणायचं तेही त्यांनीच मागितलं म्हणून.

आयर्लंडचं टपाल तिकीट, पासपोर्ट, युरोचं नाणं पाहा. नाण्यावर वीणेसारखं हार्प आणि शेजारी आयरिश अक्षरांत एरा. ते नाव त्यांनी टाकून दिलेलं नाही, आपल्या भाषेत ते अभिमानाने मिरवतात. पासपोर्टवर दोन्ही नावं आहेत, प्रत्येक आपापल्या भाषेत.

आमच्या डेस्कच्या स्टाइलबुकमध्ये पुढे नोंद झाली ती अशी, आणि आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. इंग्रजीत देशासाठी 'आयर्लंड' लिहा. उत्तरेपासून वेगळं दाखवणं अटळ असेल तरच 'रिपब्लिक' जोडा. 'सदर्न' कधीही नको. मराठीत आयर्लंड आहेच. आणि आयरिशमध्ये लिहायची पाळी आली, तर एरा लिहा, पण पहिल्या अक्षरावरची रेघ विसरू नका.